गजेंद्रची झोप आणि अश्विनीची कंबर

सुरतेत डिंडोलीतल्या त्या एका खोलीत दिवसा कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नसे. गजेंद्र बमरोलीच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, रातपाळी करून सकाळी घरी यायचा. कारागिराची झोप मोडली की दुसऱ्या पाळीला हात मशीनमध्ये जातो, हे सासूबाईंनी अश्विनीच्या कानात अंगावरची हळद उतरायच्या आत घातलं होतं.

अश्विनी बी.कॉम. झालेली, आणि काळजी करण्यात तर पहिल्या वर्गात पास. तिनं ते बोलणं इतकं मनावर घेतलं, की चटणी वाटायला ती मिक्सर उचलून शेजारच्या शीतलकडे जायची. कुकरसमोर उभी राहून शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची, त्यामुळे त्या घरात वरणातली डाळ आणि पाणी कधी एकमेकांना भेटलेच नाहीत. तरी गजेंद्रचे डोळे लाल ते लालच. मग तिनं किरकिरणारा पंखाही बंद ठेवायला सुरुवात केली. सुरतेच्या उकाड्यात तो बिचारा घामानं निथळत या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा, आणि ती मनाशी म्हणायची, नक्की अजून कुठला तरी आवाज येतोय.

तिची स्वतःची तऱ्हा वेगळीच होती. हर्षू झाल्यापासून कंबर धरली होती ती सुटत नव्हती. मुलगी अंगानं गुटगुटीत. तिला उचलायचं तर अश्विनी आधी भिंत धरायची आणि मग मुलगी. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हाडात काही नाही, स्नायू ढिले पडलेत, घरच्या घरी हळूहळू योग करा. ही बातमी फोनवरून शिंदखेड्याकडे सासूबाईंच्या कानी गेली. प्रमिलाबाईंनी ना आदळआपट केली, ना टोमणा मारला. निकाल मात्र दिला, कंबर बरी होईपर्यंत पोर माझ्याजवळ गावाला राहील, महिनाअखेरीला मी घ्यायला येते. गजेंद्र आईसमोर ‘हा माय’ यापलीकडे कधी गेला नव्हता, तो तेव्हाही गेला नाही.

हर्षूनं रात्री कूस बदलली तरी अश्विनीला जाग यायची, आणि ती म्हणे गावाला! त्याच दुपारी तिनं शीतलकडून योगाचा व्हिडिओ मागवून घेतला. नाव होतं ‘घरच्या घरी योग, कमरेसाठी, नवशिक्यांनी करायच्या…’ आणि पुढे तीन टिंबं. टिंबांपुढे काय आहे ते बघायला वेळ कुणाला होता?

जमिनीवर तिनं ग्रे कापड अंथरलं, म्हणजे लूमवरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं कोरं कापड. गजेंद्रनं आणलेला तो तुकडा फरशीवर माशासारखा सुळकन सरकायचा. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवला, आवाज अर्थातच बंद केला, आणि पडद्यावरच्या बाईंकडे ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली.

बाई गुडघे ताठ ठेवून कमरेतून एकदम खाली वाकल्या. अश्विनी वाकली. बाईंनी झटका देऊन पाठ उचलली, हिनंही उचलली. मग बाईंनी कमरेवर हात ठेवून तोंड वेडंवाकडं केलं. हा चेहऱ्याचा व्यायाम असणार, असं समजून अश्विनीनं तोंड वेडंवाकडं केलं. त्यावर बाईंनी मान डावी-उजवीकडे जोरात हलवली, तो मानेचा, आणि तर्जनी नाचवली, तो बोटांचा. कुठलंही आसन असो, शेवटी मान आणि बोट यायचंच. इतका सर्वांगाचा विचार करणारी बाई तिनं पाहिली नव्हती. व्हिडिओ अर्ध्यावर आला की हर्षू उठायची, म्हणून पुढचा भाग कधी बघून झाला नाही. तो पुढच्या इयत्तेचा असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

कंबर आणखी दुखू लागली. नव्यानं योग करणाऱ्याचं अंग दुखतंच, असं तिनं वाचलं होतं. तिनं नेटानं चालू ठेवलं.

महिनाअखेरीला प्रमिलाबाई आल्या. हातात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी, दुसरा हात नातीसाठी मोकळा. हर्षूची बॅग अश्विनीनं भरून ठेवली होती, पण तिची दुधाची बाटली मात्र गुपचूप तांदळाच्या डब्यात लपवली होती. ती नसली तर निदान एक गाडी तरी चुकेल, असा हिशेब.

“आई, आधी माझा योग बघा,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग ठरवा.”

गजेंद्र खाटेवर डोळे मिटून पडला होता. प्रमिलाबाई नातीला मांडीवर घेऊन पिठाच्या डब्याशेजारीच बसल्या. अश्विनीनं पदर खोचला, वाकली, झटका दिला, तोंड वाकडं केलं. सासूबाई भुवया चढवून बघत राहिल्या. तेवढ्यात हर्षूनं हात लांबवून मोबाइल ओढला आणि तिच्या मुठीत बाजूचं आवाजाचं बटण दाबलं गेलं. खोलीत खणखणीत हिंदी घुमलं.

“ये गलती भूलकर भी मत कीजिए. ऐसे झुकेंगे तो कमर गई समझो. ना, ना, ना.”

पडद्यावर बाई मान हलवून बोट नाचवत होत्या. पडद्यासमोर अश्विनीही मान हलवून बोट नाचवत होती. ती तशीच थांबली.

महिनाभर तिनं मन लावून नवशिक्यांच्या चुका केल्या होत्या. बरोबर काय ते पुढच्या अर्ध्या भागात होतं.

पण तिला आधी लाज वाटली नाही, आठवला तो गजेंद्र. आवाज झाला होता. तिनं धसकून खाटेकडे पाहिलं. तो जागाच होता. बाईंचं हिंदी चालू, हर्षू डब्यावर थापा मारतेय, आणि त्याचे डोळे हळूहळू मिटत चालले होते.

“बंद नको करू,” तो जड जिभेनं पुटपुटला. “माले गलबला व्हई तंच झोप लागस. शांत व्हयनं का वाटस, लूम बंद पडनं.” आणि तो घोरायलाच लागला.

प्रमिलाबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं, मग बंद पंख्याकडे.

“याना बाप बी असाच, लूमवरना. गावले उना तं पंपनी मोटर चालू करी तिनाजवळ झोपे,” त्या म्हणाल्या. “झोप मोडू नको म्हनेल व्हतं वं मी. घर बंद कर, असं कव्हय म्हननू?”

अश्विनी मटकन खाली बसली. ग्रे कापड तिच्यासकट हातभर सरकलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून ती जे मनात होतं तेच बोलली.

“आई, चुकीचं होतं तरी एक दिवस चुकवला नाही मी. बरोबर असेल ते तर करीनच ना. हर्षूला नका नेऊ.”

प्रमिलाबाईंनी उठून पंख्याचं बटण दाबलं. तो किरकिरत फिरू लागला.

“चुका तं समद्या पाठ करी लिन्यात,” त्या म्हणाल्या. “आते दुसरा भाग लाव. पोर नई जात. मीच ऱ्हासू आठे, तुनी कंबर बरी व्हयपावत.”

अश्विनीला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की आपण नेमके कशातून सुटून कशात सापडलो आहोत. पण बाटली तिनं तांदळातून काढली.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात सकाळी मिक्सर फिरू लागला, कुकर पोटभर शिट्ट्या देऊ लागला, आणि डाळ पहिल्यांदा शिजली. बाईंचा आवाज भिंतीपलीकडे शीतललाही ऐकू जायचा. प्रमिलाबाई डब्याशेजारी बसून सुनेचा गुडघा किती वाकला ते बघायच्या, आणि चुकला की बाईंच्याही आधी तर्जनी नाचवायच्या.

गजेंद्र या सगळ्यात मेल्यासारखा झोपायचा. इतकी गाढ झोप अश्विनीनं कधी पाहिली नव्हती. म्हणून ती प्रत्येक आसन झालं की दबक्या पावलांनी खाटेपाशी जायची, आणि त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची.