किरणगुरूंच्या पडद्यावरची गाठ

"गेला! आजार गेला!" आरोळी उठली, की टायरच्या दुकानावरचा तो हॉल टाळ्यांनी दणाणून जायचा. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे पांढऱ्या सुटात किरणगुरू, शेजारी लाल दिवा, एक कॅमेरा आणि हा भला मोठा पडदा. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस पडद्यावर रंगीत भुतासारखा दिसे. लाल म्हणजे आजार, निळा म्हणजे ठणठणीत. दिवा दाखवून गुरू त्या जागेवर ओलं फडकं फिरवायचे, की लालाचं निळं!

"इन्फ्रारेड किरणं, मंडळी! दिसत नाहीत, म्हणूनच खरी! पेशीपेशीत शिरतात आणि आजाराला कान धरून बाहेर काढतात!"

सून तान्ह्या ढब्बूला डाव्या खांद्यावर निजवून सासूबाईंबरोबर रांगेत उभी होती. हसू येत होतं, पण काळजी त्याहून मोठी होती. मागच्या बैठकीपासून सासूबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि पायाच्या तळव्याची जखम चिघळत चालली होती. डॉक्टरांचं नाव काढलं, की उत्तर तयार, "अगं, पाऊल निळंशार झालेलं तू पाहिलंस ना?"

आज तर हट्ट असा, की सुनेनंही तपासून घ्यावं. तिनं झोपलेलं बाळ सासूबाईंकडे दिलं आणि ती भिंतीला पाठ करून उभी राहिली.

पडद्यावर तिच्या खांद्यापासून पोटापर्यंत लालभडक डाग!

"अरेरे, केवढी ही गाठ! मुळं पार काळजात गेलीत, ताई!"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सूनही दचकली. मग तिनं नीट पाहिलं. गाठीला गोल डोकं होतं, पोट सुटलेलं होतं आणि एक पाय दुमडलेला होता. ती खदखदून हसत सुटली.

"अहो, ही गाठ रात्री दोनदा दूध मागते! आत्ता इथं बाळ झोपलं होतं. त्याची ऊब आहे ही!"

तिनं तळहात भिंतीवर दाबून धरला आणि ती बाजूला झाली. पडद्यावर भिंतीला लाल पंजा उमटला.

"अरे, भिंतीला पण गाठ!" कुणीतरी ओरडलं.

गुरूंचं ओलं फडकं उचलून तिनं पंजा पुसला. निळा!

"भिंत खडखडीत बरी!" ती म्हणाली. हॉल हसून लोळायला लागला.

"म्हणून होय रे लबाडा," एक आजोबा कडाडले, "रांगेत दुखऱ्या जागेवर गरम पिशवी धरायला लावतोस, आणि मग ओल्या फडक्यानं पुसतोस!"

"माझं टक्कल पुसा हो, डोक्याचा ताप जातो का बघू!" मागून आणखी एकजण ओरडला.

"अश्रद्धेनं किरणं बिथरतात..." म्हणत गुरू मागच्या जिन्यानं सटकले.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. "मग माझा पाय गं?"

"आई, कॅमेरा फक्त गरम-गार दाखवतो. जखम होती तिथंच आहे."

"त्या पिशवीचा चटकासुद्धा मला कळला नाही बघ."

सुनेचं हसू मावळलं. "हे आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांगायचं. उठा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तळवा पाहिला आणि भुवया उंचावल्या. "साखरेनं पायाची जाणीव गेली आहे. वर पिशवीनं भाजलंय. उशीर केला असता, तर पाऊल कापावं लागलं असतं."

"आणि ती किरणं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"शेकाच्या दिव्यानं दुखऱ्या स्नायूला बरं वाटतं. निळ्या प्रकाशानं तान्ह्या बाळाची कावीळ उतरते. हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेलं आहे. दिव्यानं रक्तातली साखर मात्र उतरत नाही."

सासूबाईंनी तिथंच पाणी मागितलं आणि बाईंनी दिलेली गोळी गिळली.

प्रकाश खोटा नव्हता, कॅमेराही नाही; खोटा होता तो सांगणारा. म्हणून पडदा लाल झाला तर घाबरू नका, निळा झाला तर नाचू नका. हा रंग आला कशानं, एवढं मोठ्यानं विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेलं औषध सोडू नका.