धुळ्याच्या टेबलावर मी उपडी झाले

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. खताच्या रिकाम्या गोणीतून धरणगावच्या शिंप्याने मला शिवले. पोटावर खताची अर्धी पिवळी अक्षरे अजून आहेत, त्यामुळे मला कोणी चोरत नाही! मी बाजारातून वांगी आणली, शेतात भाकरी नेली. "मनी पिशवी लोखंडनी शे," असे माझ्या मालकीणबाई, ताईबाई, शेजारणींना सांगायच्या आणि मी फुगून जायचे. पुढे घरात चकचकीत पिशव्या आल्या. मला दाराआड खुंटीला टांगले. जुने कागद, रिकामी पाकिटे, जे कुठेच ठेवायचे नसते ते माझ्यात पडू लागले. मी रुसले होते, खोटे कशाला सांगू?

मग ताईबाईंचे मालक रुपचंदनाना अंगभर सूज येऊन अंथरुणाला खिळले. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही किडन्या बंद पडत आल्यात. डायलिसिस लगेच सुरू करू आणि प्रत्यारोपणाची तयारी ठेवा. "मनी किडनी लई ल्या," ताईबाई ताबडतोब म्हणाल्या. त्यांचा रक्तगटही जुळला. सगळे रिपोर्ट माझ्यात आले, माझा मान वाढला. पण असला मान कुणाला हवा होता!

धुळ्याला दिलेली त्यांची लेक पुनम म्हणाली, "नाना, धुयाना डाक्टरले बी एकदाव दखाडूत."

"डाक्टरले राग यी जाई!" नाना भडकले. "त्यासनी मना जीव वाचाडा."

पुनमने सरळ जळगावच्या डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, "जरूर दाखवा. धडधाकट बाईच्या पोटाला हात लावायचा आहे, मलाही खात्री हवी." वर त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली!

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "नाना, आजारापूर्वी कोणती औषधं घेत होता?"

"काहीच नही. औसद लेवानी सवयच नही माले." हेच उत्तर त्यांनी जळगावलाही दिले होते.

मग बाईंनी जुने रिपोर्ट मागितले. ताईबाईंच्या हाताला काही लागेना. शेवटी वैतागून त्यांनी मला टेबलावर उपडे केले. कागद पडले, आणि मागोमाग गोळ्यांची रिकामी पाकिटे! एक, दोन, वीस, चाळीस! पाकीट दाखवले की किराणा दुकानदार तशीच गोळी देतो, म्हणून ताईबाईंनी ती माझ्या तळाशी जपली होती.

"या गोळ्या कोण घेतं?" बाईंनी विचारले.

"त्या तं दुकानन्या गोया शेतस," नाना सहज म्हणाले. "गुडघा दुखस ना. रोज दोन-तीन लेस. ते काय औसद शे का?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. कागदांत नानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळचा, चार महिन्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट निघाला. तेव्हा किडनी ठणठणीत होती! सोनोग्राफीतही ती आक्रसलेली नव्हती, म्हणजे दुखणे जुने नव्हते. "हे गोळ्यांमुळे झालं असेल, तर किडनी पुन्हा काम करू लागेलही," त्या म्हणाल्या. "किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू. ऑपरेशनची घाई नको." आनंदाने माझे बंद उसवायचेच बाकी राहिले!

तपासणीत तेच निघाले. गोळ्या बंद झाल्या, उपचार जळगावच्याच डॉक्टरांनी केले, आणि पाचव्या आठवड्यात डायलिसिस थांबले. मित्रांनो, थांबले! त्या दिवशी नाना ताईबाईंना एवढेच म्हणाले, "तुनी तुनापासच ऱ्हाऊ दे," आणि लहान पोरासारखे रडले.

दर वेळी असे होत नाही. पुष्कळांना प्रत्यारोपण लागतेच, आणि त्यानेच ते जगतात. पण एवढ्या मोठ्या निर्णयाआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका. दुकानातली गोळीसुद्धा सांगा. कागद जपा, सगळे, जुनेसुद्धा. डॉक्टरांना राग येईल की काय, अशी भीती वाटली, तर शेजारी बसलेल्या माणसाकडे बघा. त्याने तुमच्यासाठी स्वतःचे पोट पुढे केलेले असते.