मास्तरांच्या आवाजाचा राखणदार

या मित्रांनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. पण माझ्या बटणांना हात लावायचा नाही हं! तुमच्यावर विश्वास नाही असं नव्हे, पण मन चिंती ते वैरी न चिंती.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी माझ्या पोटातल्या कॅसेटवर स्वतःचा आवाज भरला होता. ते आधी म्हणत, "मुलाला सांभाळ." मग इंग्रजीत, "लुक..." आणि पुढे शांतता. तेवढ्यात मुलांनी योग्य शब्द निवडायचा: फॉर, ॲट की आफ्टर? मग मास्तर उत्तर सांगत. त्या चिमुकल्या शब्दाने सगळा अर्थच फिरतो, म्हणून वर्गात मुलांची बोबडी वळे. माझ्यापुढे मात्र ती बिनधास्त चुकत. केवढा मान होता माझा! पुढे नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

एके दिवशी मास्तरांना मेंदूचा झटका आला. वाचा गेली. देवाने त्यांचा आवाज तेवढा माझ्यापाशी ठेवला होता. कुणी चुकून नवा आवाज भरायचं तांबडं बटण दाबलं तर तोही पुसला जाणार! मी डोळ्यांत तेल घालून पहारा देऊ लागलो.

धाकटी बहीण त्यांच्या सेवेला आली. तिने मला खाली काढलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग ती एका पिशवीवाल्याला घेऊन आली. भंगारवाला, दुसरं कोण! त्याने माझं पोट उघडलं... आणि माझी चाकं फिरवणारा नवा पट्टा बसवून गेला. तरी संशय जाईना. इंग्रजीचा गंध नसलेल्या बाईला माझं काय काम?

तिने मला मास्तरांच्या उशाशी ठेवलं. "दादा, जन्मभर पोरांना छळलंस. आता दे तू उत्तर!"

उत्तर वाजल्यावर मास्तर पुटपुटले, "आफ... टर."

"ऐकून म्हणतोस, लबाडा! आठवून सांग."

रोज हेच. एका सकाळी तिने नेमक्या शांततेत खटकन बटण दाबलं. माझ्या काळजात धस्स झालं! पण ते थांबवायचं बटण होतं.

दारातून शेजारीण म्हणाली, "अहो, सांगून टाका ना त्यांना."

"थांबा हो वहिनी. येतोय त्याचा शब्द."

चहा निवला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला.

"आफ्टर."

तिने मला सुरू केलं. "आफ्टर," मी म्हणालो.

"जुळलं की रे, दादा!" ती रडता रडता हसली.

मित्रांनो, कुणाचा शब्द अडला तर घाईने आपला कोंबू नका. आणि देवापुढे हात जोडाल आणि तो लगेच उत्तर देणार नाही, तेव्हा बटणावर बोट ठेवून वाट पाहणाऱ्या त्या बहिणीची आठवण असू द्या.