दोन्ही ग्रुप

विरारजवळच्या नंदाखाल गावच्या नरहरीला कोणी विचारलं, "मुलगी काय करते?" की तो सांगायचा, "अकरावीला आहे. सायन्स. दोन्ही ग्रुप घेतलेत."

दोन्ही ग्रुप म्हणजे गणितही आणि जीवशास्त्रही. गणित घेतलं तर इंजिनियर, जीवशास्त्र घेतलं तर डॉक्टर, आणि दोन्ही घेतले तर दोन्ही दारं उघडी. हे त्याला राधिकानेच समजावलं होतं, सत्त्याण्णवच्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात. चौऱ्याऐंशी टक्के मिळाले होते. नरहरी स्वतः नववीत नापास होऊन फुलांच्या वाडीत शिरला तो पुन्हा वर्गात गेला नाही.

इंजिनियरशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. निकाल लागला तेव्हा जयवंती, त्याची बायको, हॉस्पिटलात होती. पेढा तिला चालत नव्हता. तिने तो नुसता हातात धरला आणि सलाईन लावणाऱ्या नर्सला म्हणाली, "माझी मुलगीपण डॉक्टरांसारखा पांढरा कोट घालणार बघा."

अकरा ऑगस्टला जयवंती गेली. पोटाचा कॅन्सर. एप्रिलमध्ये कळलं तेव्हा नरहरीने डॉक्टरांपुढे हात जोडले होते, तिला अल्सर सांगा. डॉक्टरांनी अल्सर सांगितला, त्याने अल्सर सांगितला, राधिकालाही तेच बोलायला लावलं. रिपोर्ट त्याने विहिरीवर पंपाच्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. दिवसकार्याला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत होता, "तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. तेवढं एक बरं झालं."

त्यानंतर घरात दोघंच. राधिका साडेचारला उठायची. पाणी तापवायची, अंधारातच सोनचाफ्याच्या कळ्या तोडायची, केळीच्या पानात बांधून बापाच्या सायकलला अडकवायची, भाकऱ्या थापायची आणि सातच्या कॉलेजला विरारला जायची. जयवंती हे सगळं वीस वर्षं करत आली होती, त्यामुळे नरहरीला ते काम वाटतच नव्हतं. जसा दिवस उगवतो तशी भाकरी होते, असं त्याला वाटे. सुरुवातीला मंगळवारी आणि गुरुवारी त्याला दुपारी थंड भात मिळायचा, कारण राधिकाचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालायचं. सप्टेंबरपासून त्या दोन दिवशीही ताट गरम मिळायला लागलं. पोरगी चलाख झाली, असं त्याला वाटलं.

आपल्याकडूनही काहीतरी व्हावं म्हणून तो प्रॅक्टिकलसाठी फुलं द्यायचा. कधी सदाफुली, कधी धोतरा, पण जास्त करून जास्वंद. कुंपणाला जयवंतीने लावलेली जास्वंद रोज तीस-चाळीस फुलं द्यायची. सोमवारी संध्याकाळीच तो विचारायचा, "सरांना उद्या काय पाहिजे?" राधिका मान खाली घालून सांगायची, "जास्वंदच चालेल." सकाळी तो पिशवी भरून ओट्यावर ठेवायचा.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी पिशवी ओट्यावरच राहिली. रात्री राधिका वहीवरच झोपली होती, सकाळी उशीर झाला, धावतच गेली. चाफा व्यापाऱ्याला देऊन नरहरी घरी आला, पिशवी पाहिली आणि पुन्हा सायकल काढली. फुलं कोमेजली तर पोरीचे मार्क जातील, या धास्तीने त्याने पाऊण तासाची वाट अर्ध्या तासात मारली.

कॉलेजात तो पहिल्यांदाच आत गेला. प्रयोगशाळेच्या दाराशी बळीराम नावाचा शिपाई काचेच्या बरण्या पुसत होता.

"ही फुलं राधिकाला द्यायची होती."

"कुठली राधिका?"

"नंदाखालची. अकरावीची."

"ती होय, चाफ्याचा वास येतो ती? ती कुठे आता आमच्यात! ती भूगोलात गेली."

"भूगोलात?"

"सप्टेंबरात. जीवशास्त्र सोडलं तिने."

"अहो पण फुलं तर दर मंगळवारी येतात."

"येतात की. ती बेला आणते, तुमच्याच गावची. सर तिला म्हणतात, बेला, तुझ्या बापाची वाडी मोठी दिसते!" बळीराम हसला. मग त्याने नरहरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बरणी खाली ठेवली. "तुम्ही कोण तिचे?"

नरहरीने पिशवी तिथेच टेबलावर ठेवली आणि ऑफिसच्या खिडकीशी गेला. आत चष्मा लावलेले एक क्लार्क रजिस्टरात काही उतरवत होते.

"माझ्या मुलीला परत जीवशास्त्रात घाला," तो म्हणाला. "तिने मला न विचारता सोडलंय."

क्लार्कनी नाव विचारलं, कपाटातून फाईल काढली, पानं उलटली. "पालकाच्या सहीशिवाय आम्ही विषय बदलून देत नाही. सही आहे."

"मी केली नाही."

"आईची आहे."

"आई गेली तिची."

"कधी?"

"अकरा ऑगस्टला."

क्लार्कनी बोट कागदावर ठेवलं. "ही सही एकोणीस जुलैची आहे. मुलीने फॉर्म आणून दिला तीस ऑगस्टला, शेवटच्या दिवशी. मी तिला म्हटलंही, एवढे दिवस कुठे ठेवलास?"

त्यांनी फाईल खिडकीकडे फिरवली. छापील फॉर्म होता. सोडायचा विषय: जीवशास्त्र. घ्यायचा विषय: भूगोल. हे दोन्ही शब्द राधिकाच्या अक्षरात, निळ्या शाईतले. खाली 'कारण' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे काळ्या बॉलपेनाने लिहिलं होतं. ओळ उतरत गेली होती, झोपून लिहिल्यासारखी. पण अक्षर जयवंतीचं. 'झ'ला ती नेहमी लांब शेपूट काढायची.

"माझ्या पश्चात घरचं सगळं काम मुलीवर येणार आहे. तिला दोन्ही विषय झेपणार नाहीत. तरी एक कमी करावा."

नरहरीने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पहिल्या दोन शब्दांच्या पुढे त्याला जाता येईना.

"एकोणीस जुलै," तो म्हणाला.

"हो. आता बदलता येणार नाही. तारीख होऊन गेली. मागे माणसं आहेत, जरा बाजूला होता का?"

घरी आला तेव्हा एक वाजला होता. राधिका आली होती आणि चुलीवर भात शिजत होता. चुलीसमोर गणिताची वही उघडी, तिच्यावर दगड ठेवलेला, पान उडू नये म्हणून. ओट्यावर पिशवी नाही हे तिने पाहिलं असावं. ताट वाढलं.

नरहरी पाटावर बसला. ताटाला हात लावला नाही.

"आईला कधी कळलं?"

राधिकाच्या हातातला डाव थांबला. "मेमध्ये."

"रिपोर्ट तर मी लपवले होते."

"औषधाच्या खोक्यात कागद असतो, बाबा. इंग्रजी. तिने मला वाचायला लावला. त्यात कॅन्सर लिहिलं होतं, मला तिथे अल्सर काही वाचता येईना."

"आणि मला सांगितलं नाहीत? दोघींनीही?"

"ती म्हणाली, लपवू दे त्यांना. त्यांच्या हातात तेवढं एकच काम उरलंय, ते काढून घेतलं तर बसतील मोडून."

बाहेर पंप चालू राहिला होता. पाणी दांडातून बाहेर वाहत असणार, पण तो उठला नाही.

"फॉर्म कोणी आणला?"

"तिनेच आणायला सांगितला. म्हणाली, मी सही करून ठेवते, कुठला सोडायचा ते तू बघ. तुझ्या बापाला चहासुद्धा करता येत नाही."

"मग गणित सोडायचंस! जीवशास्त्र कशाला? तिला तुला डॉक्टर..." त्याचा आवाज चढला आणि मध्येच राहिला.

"मीपण तसंच ठरवलं होतं. म्हणून तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबले." राधिकाने भात वाढला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मंगळवार-गुरुवार पाच वाजेपर्यंत प्रॅक्टिकल. घरी यायला सहा. मग जर्नलं, आकृत्या. त्याला टेबल लागतं, उजेड लागतो. गणित चुलीपुढे बसून करता येतं."

"आणि फुलं कशाला नेत होतीस?"

"तुम्ही तोडत होतात म्हणून."

नरहरीने चुलीवरच्या भाताच्या पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्यापासून भात मी लावीन. चाफापण मीच तोडीन."

"लावा."

"मग बारावीला परत..."

"बारावीला विषय बदलता येत नाही, बाबा. जेवा, निवतंय."

दुसऱ्या दिवशी त्याने भात लावला. पाणी कमी पडलं, तळाला लागला. राधिकाने वरवरचा वाढून घेतला आणि खाल्ला. तिसऱ्या दिवशी पाणी जास्त झालं. दुपारी तिच्या हाताशी आता थोडा वेळ असायचा, पण त्या वेळात करायला तिच्याकडे जीवशास्त्र नव्हतं. ती गणितंच सोडवायची, नाहीतर भिंतीला टेकून झोपायची.

पुढच्या मंगळवारी नरहरीने जास्वंद तोडली. राधिका नको म्हणाली, तरी तोडली. सायकलवरून स्वतः नेली आणि बळीरामच्या हातात दिली. "बेलाला सांगा, तिच्या बापाच्याच वाडीतली म्हणायला हरकत नाही."

मग तो ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. क्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं.

"सांगितलं ना तुम्हाला, बदलता येत नाही."

"बदलायचं नाही," नरहरी म्हणाला. "तिच्या आईच्या हातचा तो कागद एकदा दाखवा."

"मला काम आहे हो."

"मी थांबतो."

तो बाजूला भिंतीशी थांबला. खिडकीपुढची माणसं संपेपर्यंत अर्धा तास गेला. मग क्लार्कनी कपाट उघडलं, फाईल काढली आणि त्याच्याकडे फिरवून ठेवली.