नळीतली दोन माणसं

"बाबा, थुंक ना!" भिंगरी ओरडली.

लिफ्टवाले मेस्त्री स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले होते. हातात बोटाएवढी नळी, समोर बायको, शेजारी लेक, आणि तोंडाला अशी कोरड की जीभ टाळ्याला चिकटलेली. एरवी हाच माणूस बाराव्या मजल्यावरच्या उघड्या दारातून खाली वाकून बघताना शीळ घालायचा!

थुंकीवरून घराण्यातला आजार तपासायची ही नळी वहिनींनी आणून दिली होती. मेस्त्रींना लिफ्टचं काम शिकवणारा त्यांचा दादा गेल्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. वडीलही त्यानेच, पन्नाशी न गाठता. मेस्त्री आता पंचेचाळीस. वहिनींनी वादबिद घातला नाही. नळी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भावोजी, दोघांचं मला उशिरा कळलं. तिसऱ्याचं आधी कळू दे." त्यानंतर तीन आठवडे नळी ड्रॉवरमध्ये पडून होती आणि मेस्त्री त्या ड्रॉवरला वळसा घालून चालत होते.

"अर्धा तास आधीपासून पाणीसुद्धा नाही," भिंगरीने सूचनांचा कागद वाचला. मग एक लिंबू कापलं आणि बापाच्या नाकासमोर चाटायला सुरुवात केली, एक डोळा मिटून, खांदे उडवून, चेहऱ्याचे बारा वाजवत. मेस्त्रींच्या तोंडाला पाणी सुटलं खरं, पण नळी निम्मी भरते न भरते तोच आटलं. तेवढ्यात भिंगरीची क्लासची वेळ झाली आणि ती पळाली.

मेस्त्रींनी नळी उजेडात धरली. रेषा वर, माल खाली. पंचवीस वर्षं यंत्रातलं तेल रेषेला टेकवल्याशिवाय हा माणूस खोलीबाहेर पडला नव्हता. कमी पडलं तर दुसऱ्या डब्यातून भरायचं, हा दादाने घालून दिलेला नियम. त्यांनी हळूच बायकोकडे पाहिलं.

"इश्श! माझी?"

"वीस वर्षं एका घरात राहतोय. तुझी काय परकी आहे?"

इतकं गोड हा माणूस लग्नातही बोलला नव्हता. रेषा गाठली गेली. झाकण घट्ट. पार्सल रवाना.

दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेतून फोन आला. घरात सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"काका, तुमच्या नळीत दोन माणसं आहेत," पलीकडची बाई म्हणाली.

"आहेतच," मेस्त्री अभिमानाने म्हणाले. "मी आणि मिसेस. रेषेला कमी पडत होतं."

पलीकडे एकदम खोकला. तो खोकला नव्हता, हे भिंगरीने लगेच ओळखलं, कारण तिलाही तोच आला होता.

वहिनींना कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू थांबलं, पाणी थांबलं नाही. "हे ऐकायला ते हवे होते," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या नळीच्या वेळी मात्र त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकली.

रिपोर्ट आला. वडिलांकडून आलेला तो बदल मेस्त्रींच्या जनुकांतही होता.

"म्हणजे कॅन्सर झालाय असं नाही," दवाखान्यातल्या सल्लागार बाईंनी समजावलं. "शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त. पण आतड्यात आधी बारीक गाठी येतात. दरवर्षी कॅमेरा घालून बघितलं, तर बहुतेक वेळा वेळीच काढता येतात."

"लिफ्टचा दोर एकदम तुटत नाही," मेस्त्री म्हणाले. "आधी एक तार सुटते. कुणीतरी बघायला लागतं. दादाने अख्ख्या गावाचे दोर बघितले. त्याचा कुणी बघितला नाही."

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यावं लागलं. त्या दिवशी मेस्त्रींनी घरातल्या घरात जेवढ्या फेऱ्या मारल्या, तेवढ्या त्यांच्या कुठल्याच लिफ्टने मारल्या नसतील. "अहो, मधल्या मजल्यावर थांबू नका!" बायको ओरडत होती. दोन गाठी सापडल्या. काढल्या. साध्याच निघाल्या.

प्रत्येक लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत एक कार्ड असतं. तारीख, काम, करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. दुसरी सही दादाची असायची. एकेका ओळीवर बोट ठेवून तो सगळं वाचायचा, मगच पेन उघडायचा.

मेस्त्रींनी तसलंच एक कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. 'दोन गाठी काढल्या. पुढची तपासणी एका वर्षाने.' वर तारीख, खाली स्वतःची सही.

"आणि माझं?" भिंगरीने विचारलं. यावेळी ती हसत नव्हती.

"तुझ्यात असेल किंवा नसेल, निम्मं निम्मं. अठराची झालीस की तपासायचं का, ते तू ठरव. कोरं कार्ड मागे ठेवलंय."

संध्याकाळी वहिनी आल्या. मेस्त्रींनी कपाटाचं दार उघडलं आणि पेन पुढे केलं. वहिनींनी पर्समधून चष्मा काढला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि सावकाश वाचत खाली आल्या.

"तारीख नीट काढा, भावोजी. हा सात आहे की एक?"

मेस्त्रींनी सात गिरवला. मग वहिनींनी पेन उघडलं.