लाल बाण

रेडिओवाल्यांनी तांब्याच्या तारांची बारीक वेणी सोल्डरच्या टाक्यावर धरली आणि वरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं. जास्तीचं सोल्डर वेणीत शोषून घ्यायचं, एवढंच काम. पण हात थरथरला, वेणी सरकली आणि चिपचे शेजारचे दोन पाय एकाच थेंबात चिकटले.

चार दिवस हेच चाललं होतं. आधी त्यांनी वेणीला नावं ठेवली, मग आयर्नला, मग चष्म्याला. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनाही कळत होतं. चाळीस वर्षं गावाचे रेडिओ दुरुस्त केले, आणि हौसेखातर आणलेल्या या तळहाताएवढ्या रेडिओच्या बोर्डाने नाकी नऊ आणले. मुलगा म्हणाला होता, तयार रेडिओ आणून देतो, कशाला डोळे फोडून घेता? मायेने म्हणाला, म्हणूनच जास्त झोंबलं. त्यांना रेडिओ नको होता. आपल्या हातून एकदा तो वाजायला हवा होता.

सून कारखान्यात असेच बोर्ड तपासायची. भिंगाखाली टाके बघायचे, बिघडलेल्या टाक्याशेजारी लाल बाणाचा स्टिकर लावायचा, म्हणजे दुरुस्तीवाल्यांना कळतं. दुपारी दोनला ती घरी यायची, तेव्हा रेडिओवाले झोपलेले असत.

आजही ते वैतागून आडवे झाले. उठल्यावर सोल्डरमागे उरणारा फ्लक्सचा चिकट थर घासायला स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेतला, तर थर नव्हताच. चिकटलेले पायही सुटे झाले होते. टाक्याशेजारी नखापेक्षा लहान लाल बाण राहून गेला होता.

म्हणजे काल उठल्यावर नीट दिसलेला टाकाही आपला नव्हता. परवाचाही नाही. त्यांना अंगावरचे कपडे कोणी ओढून घेतल्यासारखं झालं.

त्यांनी सुनेला हाक मारली. ती हात पुसत आली आणि बाण बघून तिचा चेहरा उतरला.

"सवयीने लावला, बाबा. काढायचा राहिला."

"दुरुस्त करायला कोणी सांगितलं होतं?"

ती मान खाली घालून आत गेली.

रेडिओवाल्यांनी आयर्न तापवलं. शेवटच्या कोपऱ्यातले चार पाय उरले होते. पहिला जमला. दुसराही. तिसऱ्याला आयर्न घसरलं आणि तिसरा-चौथा एक झाले. वेणी लावली, तर थेंब आणखी पसरला. त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली.

शेवटी त्यांनी नखाने तो बाण अलगद सोडवला, त्या थेंबाशेजारी ठेवला आणि चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबून धरला.

"सूनबाई," त्यांनी हाक दिली, "भिंग घेऊन ये."

आयर्न तापलेलंच ठेवून त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि वाट बघत बसले.