साडेसोळा इंच

मी शिंप्याची टेप बोलतेय. लांबी साठ इंच, आणि एका जागी स्वस्थ पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. कारखान्यात अंगावर आकडे छापले गेले तेव्हापासून कोणाच्या ना कोणाच्या छातीकमरेभोवती धावतेय. माणसं माझ्यासमोर पोट आत ओढतात. मी आपली गप्प राहते. वीस वर्षांत माझे पहिले तीन आकडे पुसले गेले, तरी मालकांनी मला गळ्यातून उतरवलं नाही.

मालकांची एकुलती एक मुलगी समुद्रापलीकडे नोकरीला. तिची आई दवाखान्यात. ऑपरेशन संध्याकाळी सहाला ठरलेलं, आणि आत जाण्याआधी लेकीचं तोंड बघायचं, एवढाच बाईंचा हट्ट. पहाटे चारला लेकीचा फोन आला, विमानात बसतेय म्हणून.

मालकांनी लगेच दुकानातल्या नकाशावर मला ताणलं. तिच्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत बारा इंच. इंचाला हजार किलोमीटर, असं कोपऱ्यात छापलेलं. विमानही तासाला जवळपास तेवढंच कापतं. म्हणजे इंचाला एक तास. "चारपर्यंत येतेच," असं दवाखान्यात जाऊन त्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि मला तिच्या हातात दिलं.

मग मी चादरीवर. दर तासाला बाईंचा अंगठा एक इंच पुढे. मधेच उगाच मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

अंगठा आठवर असताना पुन्हा फोन आला. लेक मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर होती. "बाबा, इथे विमान बदलायचंय, चार तास थांबायचंय, हे सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. गिऱ्हाइकाच्या कपड्यात दोन बोटं जास्तीचं कापड सोडायला कधीही न विसरणारा हा माणूस लेकीच्या प्रवासात थांबायचे तास सोडायला विसरला होता. ते डॉक्टरांकडे धावले, दोन तास मागितले. थांबणं धोक्याचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या क्षणी मालकांचा राग आला आणि कीवही आली.

सहाला बाईंना ऑपरेशनला न्यायला ढकलगाडी आली. बाईंचा अंगठा चौदावर होता. त्यांनी तोच आकडा मालकांच्या चिमटीत दिला.

"अहो, इथे धरून ठेवा. ती आली की मला सांगा. मी शुद्धीत नसले तरी सांगा."

लेक आली ती साडेआठला. अर्धा इंच टॅक्सीने खाल्ला. मालकांनी इंचाला तास हा हिशेब सांगून माझं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. तिने पहाटे चारपासूनचे तास मोजत मोजत साडेसोळावर बोट ठेवलं.

आता एका बोटाखाली चौदा, दुसऱ्याखाली साडेसोळा. बारा हजार किलोमीटर मी एका दमात मोजले, पण मधले हे अडीच इंच मला सोसत नाहीत. दोघांनीही मला घट्ट धरून ठेवलंय. ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा अजून पेटलेलाच आहे.

उघडा हो कोणीतरी. लेक आली, एवढंच त्या बाईंना सांगायचंय.